वर्णविपर्यय : एका संज्ञेचा उगम आणि पालि भाषेची साक्ष

पालि भाषेच्या अभ्यासाला प्रारंभ करणाऱ्या उपासक-उपासिकांना पहिल्या काही आठवड्यांतच एक शंका येते. संस्कृतात 'जिह्वा' आणि पालीत 'जिव्हा', संस्कृतात 'मशक' आणि पालीत 'मकस', संस्कृतात 'ह्रद' आणि पालीत 'रहद' असे का? अक्षरे तीच, पण त्यांची जागा बदललेली. ही लेखनिकाची चूक आहे काय? की बोलणाऱ्यांना नीट उच्चार करता येत नव्हता म्हणून शब्द उलटेपालटे झाले?

ही शंका वरकरणी व्याकरणाची दिसते. परंतु तिच्या मुळाशी फार जुना सल आहे. पालि व प्राकृत या भाषा म्हणजे संस्कृताचे बिघडलेले रूप, ज्यांना शुद्ध उच्चार जमत नाही अशा लोकांची मोडकीतोडकी बोली, असे आपल्या समाजाला शतकानुशतके ऐकवले गेले आहे. बुद्धवचन ज्या भाषेत जतन झाले, तीच जर अशुद्ध ठरवली, तर ते वचन मानणारेही आपोआप कमी प्रतीचे ठरतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात न देता शास्त्राच्या आधारे देणे आवश्यक आहे. शब्दातील वर्णांच्या अदलाबदलीला भारतीय व्याकरणपरंपरेने 'वर्णविपर्यय' असे नाव दिले आहे. ही संज्ञा कोठून आली, ती कोणी कशासाठी वापरली आणि पालि व मराठी भाषांत तिचे कार्य कसे दिसते, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

संज्ञेचा अर्थ

'विपर्यय' या शब्दात 'वि' आणि 'परि' हे दोन उपसर्ग असून 'इ' म्हणजे जाणे हा धातू आहे. फिरून उलट दिशेने जाणे, क्रम बदलणे, हा त्याचा मूळ अर्थ. पालीत हाच शब्द 'विपरियय' असा येतो. त्याचा जवळचा सोबती म्हणजे 'विपर्यास'. त्यात 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू आहे. 'पर्यङ्क' चे पालीत जसे 'पल्लङ्क' होते, तसेच 'विपर्यास' चे 'विपल्लास' होते.

धम्माच्या अभ्यासकांना 'विपल्लास' हा शब्द चांगला परिचयाचा आहे. अनित्याला नित्य मानणे, दुःखाला सुख मानणे, अनात्म्याला आत्मा मानणे आणि अशुभाला शुभ मानणे, हे चार विपल्लास अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. तेथे विपल्लास हा संज्ञेचा, चित्ताचा आणि दृष्टीचा दोष आहे. वर्णांच्या विपर्ययात मात्र असा कोणताही दोष अभिप्रेत नाही. तेथे एवढेच म्हटले आहे की, जो वर्ण आधी होता तो नंतर आला व जो नंतर होता तो आधी आला. शब्दांचे मूळ एकसारखे असले तरी हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

यास्क आणि पतञ्जली

या कल्पनेचा जुना उल्लेख यास्काच्या 'निरुक्त' या ग्रंथात सापडतो. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती कशी लावावी हे सांगताना दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी यास्क काही प्रकार देतो. वर्ण गळतो, वर्ण बदलतो, नवा वर्ण येतो आणि कधी शब्दातील आधीचा व शेवटचा वर्ण परस्परांची जागा घेतात. या शेवटच्या प्रकाराला तो 'आद्यन्तविपर्यय' म्हणतो. स्तोक म्हणजे थेंब, रज्जू म्हणजे दोरी, सिकता म्हणजे वाळू आणि तर्कु म्हणजे सूत कातण्याची चाती, अशी चार उदाहरणे तो देतो.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतञ्जलीने 'महाभाष्या'त हाच मुद्दा 'वर्णव्यत्यय' या नावाने मांडला. 'कृत्' धातूपासून 'तर्कु', 'कस्' पासून 'सिकता' आणि 'हिंस्' पासून 'सिंह' अशी उदाहरणे तेथे आहेत. 'हिंस्' मध्ये आधी ह व मग स; 'सिंह' मध्ये आधी स व मग ह. हिंसा करतो तो सिंह, असा अर्थ त्यातून काढला गेला. आजचे व्युत्पत्तिशास्त्र सिंह शब्दाचा हा संबंध मान्य करीत नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वर्ण जागा बदलतात हे तत्त्व वैयाकरणांनी प्रथम संस्कृताच्याच शब्दांसाठी मांडले. ज्या भाषेला शुद्धतेचा मानदंड म्हणून पुढे केले जाते, तिचे शब्द समजावून सांगण्यासाठी ही संज्ञा जन्माला आली. ती प्राकृत बोलणाऱ्यांच्या चुका मोजण्यासाठी निर्माण झालेली नाही.

पुढे निरुक्तीचे पाच प्रकार ठरून गेले : वर्णागम, वर्णविपर्यय, वर्णविकार, वर्णनाश आणि धातूचा विशेष अर्थाशी योग. पाणिनीच्या सहाव्या अध्यायातील 'पृषोदर' आदी शब्दांविषयीच्या सूत्रावर भाष्य करताना जयादित्य व वामन यांच्या 'काशिका' वृत्तीत या पाच प्रकारांचा श्लोक येतो. काशिकेचा काळ सामान्यतः इ. स. चे सातवे शतक मानला जातो.

आचार्य बुद्धघोषांची साक्ष

या ठिकाणी पालि वाङ्मयाची साक्ष फार मोलाची ठरते. आचार्य बुद्धघोषांनी इ. स. च्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात 'विसुद्धिमग्ग' रचला. त्याच्या सातव्या परिच्छेदात बुद्धानुस्सतीचे विवेचन करताना ते 'भगवा' या शब्दाचा अर्थ अनेक अंगांनी उलगडतात. तेथे त्यांनी 'वण्णागम' आणि 'वण्णविपरियय' या संज्ञा निरुक्तीचे लक्षण म्हणून नावानिशी वापरल्या आहेत, आणि त्याच ओघात 'पिसोदर' गणाचाही उल्लेख केला आहे. पिसोदर म्हणजेच पाणिनीचे पृषोदर. म्हणजे ही पाच प्रकारांची परंपरा काशिकेच्या आधीच रूढ होती आणि महाविहारातील भिक्खू तिच्याशी परिचित होते, हे पालि ग्रंथावरून सिद्ध होते.

बुद्धघोषांनी दिलेली एक निरुक्ती येथे पाहण्यासारखी आहे. तिन्ही भवांमध्ये फिरवणारे तृष्णारूपी गमन ज्यांनी ओकून टाकले, त्यागिले, ते 'भवेसु वन्तगमन'. यातील 'भव' मधून भ, 'गमन' मधून ग आणि 'वन्त' मधून व घ्यावा, शेवटचा स्वर दीर्घ करावा, म्हणजे 'भगवा' शब्द होतो. मूळ शब्दसमूहात 'वन्त' आधी आहे आणि 'गमन' नंतर. तयार झालेल्या शब्दात मात्र ग आधी व व नंतर आला आहे.

ही निरुक्ती ऐतिहासिक व्युत्पत्ती नव्हे. 'भग' म्हणजे भाग्य, ऐश्वर्य, आणि त्याला 'वत्' प्रत्यय लागून 'भगवत्' शब्द होतो, हे सरळ आहे. बुद्धघोषांनाही 'भाग्यवान' हा अर्थ ठाऊक आहे; तोही त्यांनी दिला आहे. मग वर्णांची ही मांडणी कशासाठी? ध्यान करणाऱ्या साधकाने 'भगवा' हे पद मनात आणताच तृष्णेचा त्याग त्याला आठवावा, यासाठी. प्रत्येक अक्षराला एक गुण बांधून दिला की पद हेच स्मरणाचे साधन बनते. म्हणून वर्णविपर्ययाचे दोन उपयोग वेगळे ओळखले पाहिजेत. एक, भाषेत प्रत्यक्ष घडलेला बदल. दुसरा, अर्थ मनावर ठसविण्यासाठी आचार्यांनी योजलेली निरुक्ती. दुसऱ्याला पहिल्याचा पुरावा समजणे हे अभ्यासातील मोठे अनवधान होय.

पालीतील प्रत्यक्ष विपर्यय

आता भाषेत खरोखर घडलेले बदल पाहू. त्यांचे दोन गट पडतात.

पहिल्या गटातील बदल नियमित आहे. संस्कृतात ह या वर्णाला न, ण, य, व यांपैकी एखादा वर्ण जोडून येतो तेथे पालीत ह मागे जातो. चिह्न : चिन्ह, पूर्वाह्ण : पुब्बण्ह, गृह्णाति : गण्हाति, मह्यम् : मय्हं, गुह्य : गुय्ह, जिह्वा : जिव्हा. याचे कारण उच्चारणाच्या सोयीत आहे. ह हा केवळ श्वासाचा वर्ण आहे. त्याच्या लगेच पुढे अनुनासिक किंवा अर्धस्वर आला की जीभ व ओठ त्या पुढच्या वर्णाची तयारी आधीच करू लागतात आणि ह त्याच्या मागून ऐकू येतो. असा बदल एका व्यक्तीच्या तोंडी न राहता समाजाच्या उच्चारात स्थिरावला की तो भाषेचा नियम होतो.

दुसऱ्या गटातील बदल एकेका शब्दापुरता असतो. मशक : मकस हे त्याचे स्पष्ट उदाहरण. भिक्खू चीवराविषयी जे प्रत्यवेक्षण करतात, त्यात डास-माश्यांपासून रक्षण हा चीवराचा एक हेतू सांगितला आहे. तेथे 'मकस' हाच शब्द येतो. 'ह्रद' म्हणजे डोह. त्याचे पालीत 'रहद' होते. धम्मपदाच्या पण्डितवग्गात धम्म ऐकून प्रसन्न झालेल्या ज्ञानी पुरुषाला खोल व निर्मळ डोहाची उपमा दिली आहे, ती याच शब्दाने. 'उपानह्' म्हणजे पादत्राण. त्याचे 'उपाहना' झाले. 'पर्युपासते' चे आधी 'परियुपासति' आणि मग र व य यांची जागा बदलून 'पयिरुपासति' झाले. जवळ बसणे, सेवेत राहणे असा त्याचा अर्थ असून 'उपासक' हा आपला शब्द ज्या 'उप' आणि 'आस्' पासून आला त्यांचेच हे रूप आहे. 'अरिय' चे 'अयिर' असेही रूप पालीत मिळते. पालि व्याकरणांच्या संधिप्रकरणात 'पयिरुदाहासि' यासारखी रूपे विपरिययाची उदाहरणे म्हणून दिलेली आहेत. पालि वैयाकरणांनी ती लपविली नाहीत किंवा सुधारून संस्कृतासारखी केली नाहीत. त्यांना नाव दिले आणि शास्त्रात स्थान दिले.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही असे काही आढळते. गिरनारच्या ब्राह्मी लेखात 'धंम' असे आहे, तर वायव्येकडील शाहबाजगढी व मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत 'ध्रम' व 'प्रियद्रशि' अशी रूपे आहेत. येथे र आपल्या जागेवरून पुढे सरकलेला दिसतो. हा उच्चारातील बदल की खरोष्ठी लिहिण्याची पद्धत, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि धम्माचा संदेश प्रत्येक प्रदेशात तेथील लोकांच्या रूपाने कोरला गेला, याविषयी मतभेद नाही.

'महाराष्ट्र' आणि 'मराठी'

बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या बदलांसाठी स्वतंत्र सूत्रेच दिली आहेत. 'वाराणसी' मध्ये र व ण यांचा व्यत्यय होऊन 'वाणारसी' होते. आजचे 'बनारस' हे नाव त्याच वाटेने आले. 'अचलपुर' मध्ये च व ल यांची अदलाबदल होऊन 'अलचपुर' होते. हे अचलपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर असे सामान्यतः मानले जाते. त्याचे दीर्घकाळ प्रचलित असलेले 'एलिचपूर' हे नाव लोकपरंपरा एल राजाशी जोडते. हेमचंद्रांचे सूत्र पाहिले की त्यामागे वर्णविपर्ययाची वाट दिसते.

आणि त्यांचे एक सूत्र तर आपल्या घरचेच आहे. 'महाराष्ट्र' या शब्दात ह व र यांचा व्यत्यय होतो आणि 'मरहट्ठ' हे रूप तयार होते. पालि 'महावंसा'त, तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी निरनिराळ्या प्रदेशांत धम्मप्रचारक पाठविल्याची हकीकत आहे. त्यांपैकी महाधम्मरक्खित थेर ज्या प्रदेशात आले, त्याचे नाव 'महारट्ठ' असे दिले आहे. तेथे वर्णांचा क्रम जुनाच आहे. पुढे प्राकृतात तो बदलला, 'मरहट्ठ' झाले, त्यातून जुन्या मराठीतील 'मऱ्हाटा', 'मऱ्हाटी' ही रूपे आली आणि ह गळून आजचे 'मराठा', 'मराठी' शब्द झाले. म्हणजे ज्या भाषेत आपण शुद्ध-अशुद्धाचे वाद घालतो, त्या भाषेचे नावच वर्णविपर्ययातून जन्मले आहे.

मराठीत अशी उदाहरणे पावलोपावली आहेत. 'लघु' चे प्राकृतात 'लहु', मग 'हलु' आणि मराठीत 'हळू' झाले. 'फलाहार' चे 'फराळ' झाले. 'आह्वान' चे 'आव्हान', 'आह्लाद' चे 'आल्हाद', 'प्रह्लाद' चे 'प्रल्हाद' झाले. ही शेवटची तीन रूपे नेमकी पालीतील 'जिव्हा' च्या नियमाने चालतात. सभेत 'आव्हान' म्हणणाऱ्या वक्त्याला कोणी अशिक्षित म्हणत नाही. परंतु वस्तीतील मूल 'नुकसान' ऐवजी 'नुस्कान' किंवा 'मतलब' ऐवजी 'मतबल' म्हणाले की वर्गात हशा पिकतो. भाषेच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी घडलेली क्रिया एकाच जातीची आहे. एक रूप शब्दकोशात गेले, दुसरे गेले नाही, एवढाच फरक. आणि कोणते रूप कोशात जावे हे ठरविण्याचा अधिकार कोणत्या समाजाच्या हाती होता, हा इतिहास आपणास ठाऊक आहे.

जीभ घसरणे आणि भाषा बदलणे

पाश्चात्त्य देशांतही वर्णांच्या अदलाबदलीला नावे आहेत. शब्दांतर्गत विपर्ययाला तेथे ग्रीक भाषेतून घेतलेला 'मेटाथेसिस' हा शब्द वापरतात. जागा पालटणे असाच त्याचा अर्थ आहे. दोन शब्दांच्या आरंभीचे वर्ण बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी जातात, त्याला इंग्रजीत 'स्पूनरिझम' म्हणतात. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे १९०३ ते १९२४ या काळातील प्रमुख विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४-१९३०) यांच्या नावावरून तो शब्द आला. त्यांच्या नावावर खपणारी बहुतेक उदाहरणे इतरांनी रचलेली आहेत. परंतु या नावातून एक गोष्ट सहज लक्षात येते : आयुष्य विद्येत घालविलेल्या माणसाचीही जीभ अशी घसरते, म्हणून या क्रियेचा अज्ञानाशी संबंध जोडता येत नाही. व्हिएन्ना येथील रुडॉल्फ मेरिंगर आणि कार्ल मायर यांनी १८९५ मध्ये जर्मन भाषेतील अशा चुकांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, ही अदलाबदल अस्ताव्यस्त नसते. शब्दात सारख्या स्थानी असलेले वर्णच बहुधा एकमेकांची जागा घेतात. मन पुढचे शब्द आधीच जुळवीत असते व त्या घाईत क्रम पालटतो.

अशी घसरण क्षणिक असते. बोलणारा ती लगेच सुधारतो. वर्णविपर्यय मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो. 'हळू' म्हणणारा कोणीही 'लहू' म्हणायचे राहून गेले असे मानीत नाही.

बुद्धवचन आणि लोकभाषा

भगवान बुद्धांची या बाबतीतील दृष्टी विनयपिटकात नोंदलेली आहे. चुल्लवग्गात सांगितले आहे की, ब्राह्मण कुलातून आलेल्या दोन भिक्खू बंधूंनी तक्रार केली : नाना गोत्रांतून, नाना जातींतून, नाना कुळांतून आलेले भिक्खू बुद्धवचन आपापल्या निरुत्तीने दूषित करीत आहेत, म्हणून ते छंदस् मध्ये रूपांतरित करावे. भगवंतांनी त्यांना दोष दिला, तसे करणे ही आपत्ती ठरविली आणि 'सकाय निरुत्तिया' बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली. येथे 'सक' म्हणजे बुद्धांची स्वतःची मागधी, असा अर्थ अट्ठकथा करते. बहुतेक आधुनिक विद्वान प्रत्येकाची आपापली भाषा असा अर्थ घेतात. कोणताही अर्थ घेतला तरी छंदस् नाकारले गेले, ही गोष्ट बदलत नाही. मज्झिम निकायातील अरणविभङ्ग सुत्तात तर एका पात्रासाठी निरनिराळ्या जनपदांत चालणारी अनेक नावे सांगून, आपलेच नाव खरे असा आग्रह धरू नये आणि लोकव्यवहार मोडूही नये, असा उपदेश आहे.

याचा अर्थ पाठांतरात शिथिलता चालते असा मात्र कोणी घेऊ नये. शब्द व अक्षरे चुकीच्या रीतीने मांडली गेली की अर्थही चुकीचा लावला जातो आणि सद्धम्माच्या लोपास ते कारण होते, असे अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात बजावले आहे. कम्मवाचेच्या उच्चारासाठी अट्ठकथेने अल्पप्राण-महाप्राण, ऱ्हस्व-दीर्घ इत्यादी दहा प्रकारचे विवेक सांगितले आहेत. भाषेत रूढ झालेला विपर्यय आणि पाठ करणाऱ्याचे दुर्लक्ष या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'जिव्हा' हे पालीचे शुद्ध रूप आहे. त्याला 'जिह्वा' करणे हीच पालीतील चूक होय.

आमच्या वाचकांना आणखी एक विनंती आहे. गावाचे, लेण्याचे किंवा जातीचे नाव घेऊन त्यातील अक्षरे पुढे-मागे करून त्याचे बौद्ध मूळ सिद्ध करण्याचा मोह अलीकडे पुष्कळदा दिसतो. वर्णविपर्यय हे असे साधन आहे की, ते सैल हाताने वापरले तर कोणत्याही शब्दापासून कोणताही शब्द काढता येतो. म्हणून तीन कसोट्या लावाव्यात. तसाच बदल त्या भाषेतील इतर शब्दांत आढळतो काय? मधली रूपे ग्रंथांत वा शिलालेखांत मिळतात काय? आणि दोन्ही रूपांच्या अर्थाचा धागा अखंड आहे काय? 'महाराष्ट्र' ते 'मराठी' हा प्रवास या तिन्ही कसोट्यांवर उतरतो. जे उतरत नाही, ते कितीही प्रिय वाटले तरी पुरावा म्हणून पुढे करू नये. आपला इतिहास इतका समृद्ध आहे की, त्याला कच्च्या व्युत्पत्तींचा टेकू देण्याची गरज नाही. आणि एक कच्ची व्युत्पत्ती उघडी पडली की तिच्या शेजारचे दहा पक्के पुरावेही संशयात सापडतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचे व्याकरण व कोश यांसाठी स्वतः परिश्रम घेतले. ते कार्य महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालि, प्राकृत आणि मराठी या भाषांना बंगाली व असमिया यांच्यासह अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा गौरव आनंदाचा आहेच. परंतु शासनाने दर्जा दिला म्हणून पालि शुद्ध झाली असे नाही; ती तशी होतीच. आता तिच्या प्रत्येक रूपाचे कारण समजून घेणे हे आपले काम आहे. विहारातील अभ्यासवर्गात 'जिव्हा' आणि 'मकस' हे शब्द आले की त्यांवरून घाईने पुढे न जाता तेथे थोडे थांबावे, आणि मुलांना त्याच वेळी 'हळू', 'फराळ' व 'मराठी' यांचीही गोष्ट सांगावी.